पुढचं चाक, मागचं चाक

५ फेब्रुवारी

प्रिय वन्संबाई,

आशीर्वाद. ‘वन्संबाई म्हणू नकोस, म्हातारी झाल्यासारखं वाटतं’ असं तू म्हणतेस, म्हणूनच म्हणते.

पत्र बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोन का नाही केला, तर तुझ्या दादाचा फोन अपघातात कारखान्यातल्या त्या प्रेस मशीनखालीच चिरडला आणि तेव्हापासून माझा फोन त्याच्या उशाखाली असतो. बाहेरच्या खोलीत तो, आतल्या खोलीत मी आणि माझं शिलाई मशीन, मधे पडदा. मी शेजारणीशी कुजबुजले तरी त्याला ऐकू जातं. म्हणून हे लिहिणं.

हाताची जखम केव्हाच भरली. उजव्या हाताची दोन बोटं गेली ती गेली. उरलेली तीन कामाला लावा, नाहीतर तीही आखडतील, असं डॉक्टरांनी सांगितलंय. तुझा दादा ती तीन बोटं पांघरुणात ठेवून भिंतीकडे तोंड करून पडतो. कारखान्यानं त्याच्यासाठी तपासणीच्या टेबलावर जागा राखून ठेवलीय. एप्रिलपासून येतो की नाही एवढंच त्याला कळवायचंय, तेही कळवत नाही. मी ‘चहा’ म्हटलं की तो ‘ठेव’ म्हणतो. महिनोन् महिने आमचा संसार या दोन शब्दांवर चाललाय.

तुला आठवतं ना, अपघाताच्या आधी त्यानं मोटरसायकलची चाकं काढून ठेवली होती? त्यावरचं काळं कोटिंग खवल्यांसारखं निघत होतं, ते सगळं उतरवून चाकं उजळ करायची होती. टायर काढलेली ती दोन चाकं अजून गॅलरीत भिंतीला टेकून उभी आहेत. मी कपडे वाळत घालायला गेले की पायाला लागतात. आता गाडी विकून टाकावी म्हणते. पण असली खरजुली चाकं बघून कोण घेईल? तर हे कोटिंग घरच्या घरी कसं काढायचं ते तू लिहून पाठव. तुझं तर कामच ते.

दादाला यातलं काही सांगू नकोस.

तुझी वहिनी


११ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

नमस्कार, आणि नमस्कार झाल्याबरोबर भांडण. गाडी विकायची? त्या गाडीवर मी शाळेत गेले, तू त्या गाडीवर सासरी आलीस, आणि आता पायाला लागते म्हणून विकायची? दादा बरा झाला की कशावर बसणार, तुझ्या शिलाई मशीनवर?

पण तू विचारलंस म्हणून सांगते. आणि नीट कर, कारण चाक म्हणजे जीव त्याच्यावर असतो. आधी दोन्ही बाजूंची बेअरिंगं काढायची, नाहीतर कोटिंग काढायचं औषध आत जाऊन ती कामातून जातात. मग पेंट रिमूव्हर आण. घट्ट जेलसारखा असतो तो. रबरी हातमोजे घाल, चष्मा घाल आणि गॅलरीतच बस, खोलीत नको, वास डोक्यात जातो. ब्रशनं जाड थर दे आणि वरून प्लास्टिक गुंडाळ, म्हणजे वाळत नाही. अर्ध्या तासानं बघ, कोटिंग फुगून सुरकुतलेलं असेल. मग लाकडाच्या पट्टीनं सरळ सरकव. पावडरचं कोटिंग रंगासारखं विरघळत नाही, ते सालासारखं सुटतं. नाही सुटलं तर पुन्हा थर दे, पण चिडून खरवडू नकोस. लोखंडी तार लावायची नाही आणि आगीवर तर मुळीच धरायचं नाही.

आमच्या कामावर असली किरकिर नाही. दारं, जाळ्या, खुर्च्या, सगळा माल कॉस्टिकच्या गरम टाकीत बुडवतो आणि काढतो तेव्हा कोरा करकरीत. आमच्या टाकीपुढे तुझा रिमूव्हर म्हणजे पोरखेळ.

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं दादा लहानपणापासून म्हणत आलाय, मला भोंगा म्हणतो तेही त्यावरूनच. या वेळी भिजवून दाखवते.

तुझी,
भोंगा


२० फेब्रुवारी

प्रिय वन्संबाई,

पुढच्या चाकाला सुरुवात केली. तू सांगितलंस तसंच केलं, थोडा फरक पडला असेल.

बेअरिंग कसं काढतात ते मला कुठे ठाऊक, म्हणून ते राहू दिलं. रिमूव्हर लावला आणि लवकर व्हावं म्हणून चाक उन्हात ठेवलं. प्लास्टिक सापडेना, मग जुनी चादर गुंडाळली. संध्याकाळी बघते तर औषध वाळून पापड झालेलं आणि चादर त्याला घट्ट चिकटलेली. मग तारेची घासणी घेतली आणि बसले घासत. आवाज मात्र भयंकर येतो गं. कोणी पत्र्यावर खिळा ओढावा तसा. काळं निघालं थोडं, पण खाली सगळे ओरखडे.

तुझ्या दादानं कूस बदलली. एवढंच.

उद्या परत घासते. याहून जाड तारेची घासणी मिळते का बघते. त्याला सांगू नकोस हं, उगीच त्रास होईल.

तुझी वहिनी


२६ फेब्रुवारी

वहिनी,

तुझं पत्र वाचून मी कपाळाला हात लावला. उन्हात? चादर? आणि लोखंडी तार लावायची नाही, असं मी लिहिलं होतं की ‘जरूर लावा’ असं लिहिलं होतं? माझं पत्र परत काढून वाच. तू गिऱ्हाइकाची बाही एक सूत कमी-जास्त झाली तर रात्रभर तळमळतेस, आणि चाकाच्या बाबतीत हा आंधळा कारभार? ओरखडे पडले की ते पॉलिश करायला आणखी चार दिवस जातात. घासणी फेकून दे. मोठी घासणी आणायची नाही.

आता एक सांगते, रागावू नकोस. काल दादाला फोन केला होता, सहज, तब्येत विचारायला. आणि बोलता बोलता जीभ घसरली. ‘तुझी बायको तुझ्या चाकाची वाट लावतेय, उठून बघ जरा’ असं निघून गेलं तोंडातून. तो म्हणाला, ‘लावू दे.’ मला वाटलं, आता फोन ठेवणार. तर थोडं थांबून त्यानं विचारलं, ‘पुढचं की मागचं?’

मी म्हटलं पुढचं. मग त्यानं फोन ठेवला. तीळ या वेळीही नाही भिजला, कानाला खडा.

भोंगा


६ मार्च

प्रिय वन्संबाई,

सांगितलंसच ना शेवटी? तुझ्यावर विश्वास ठेवणारी मीच वेडी.

असो. इकडची खबर अशी. परवा मी घासत होते, तर बाहेरच्या खोलीतून आवाज आला, ‘घासणी बदल.’ मी म्हटलं, काय? तर पुन्हा भिंतीकडे तोंड. काल पडद्यापर्यंत आला. उभा राहिला, माझ्या हाताकडे बघितलं, चाकाकडे बघितलं आणि ‘बेअरिंग काढलं नाहीस’ असं म्हणून परत जाऊन पडला. मी म्हटलं, मला जमत नाही, तुम्ही काढून द्या. उजवा हात पांघरुणात.

खरं सांगू? मी दमले आता. मार्च संपत आला की कारखान्याचा निरोप यायचा आणि ती जागाही दुसऱ्या कोणाला जायची. गाडी, चाक, सगळ्याचा वीट आलाय. बाहेरच्या खोलीतलं ते पाठमोरं पांघरूण बघितलं की शिवताना माझा टाका चुकतो.

रिमूव्हर संपला. पण तू टाकीचं लिहिलं होतंस ते लक्षात होतं. मोरीचा पाइप तुंबला की टाकतात ते कॉस्टिकचे पांढरे दाणे आणलेत, मोठा डबा. उद्या प्लास्टिकच्या टबात गरम पाणी घालून चाक बुडवते आणि एकदाचा विषय संपवते.

तुझी वहिनी


१० मार्च

वहिनी,

हे पत्र तुला उशिरा मिळणार हे माहीत आहे, तरी लिहिते, कारण लिहिल्याशिवाय मला बसवत नाही. ती टाकी लोखंडासाठी आहे. लोखंडासाठी. तुझी चाकं ॲल्युमिनियमची आहेत, कॉस्टिक त्यांना खातं. नुसतं खात नाही, उकळतं, उसळतं आणि त्याची वाफ छातीत जाते. मी फुशारक्या मारत टाकीचं लिहिलं आणि एवढं एक वाक्य लिहायचं राहिलं.

तुझं पत्र हातात पडताच फोन केला. दादानं उचलला. मी विचारलं, वहिनी कुठे आहे? तो म्हणाला, ‘आहे ठीक.’ मी म्हटलं, कॉस्टिक टाकलं का तिनं? तो म्हणाला, ‘हो,’ आणि फोन ठेवून दिला. परत केला तर बंद. माझा जीव टांगणीला लागलाय. ताबडतोब लिही. चाक गेलं खड्ड्यात, तुझं लिही.

भोंगा


१५ मार्च

प्रिय वन्संबाई,

मी ठीक आहे. डाव्या मनगटावर पट्टी आहे, बोटभर भाजलंय, डॉक्टर म्हणाले डाग राहील. खोकला दोन दिवस होता, तोही गेला.

झालं असं, की टबात चाक ठेवलं, दाणे ओतले आणि वरून गरम पाणी घातलं. आधी नुसतं सूं सूं वाजलं. मग एकदम फसफसून वर आलं, काळा फेस टबाबाहेर, आणि अशी वाफ की डोळे उघडेनात. मला वाटलं चाक ओढून काढावं, म्हणून वाकले आणि हातावर उडालं. खोकल्यानं श्वास घेता येईना. तेवढ्यात कोणीतरी मागून खांद्याला धरून मला ओढलं. तुझा दादा. टब पायानं लांब सारला, मला मोरीत नेलं आणि माझा हात नळाखाली धरून ठेवला. किती वेळ धरला कोण जाणे. मी म्हटलं, वरच्या टाकीतलं पाणी संपेल, तर म्हणाला, ‘गप्प बस.’ उजव्या हातानंच धरलं होतं, तीन बोटांनी, आणि ती बोटं काही आखडलेली नव्हती, कारण माझा हात दुखायला लागला.

मग गॅलरीत जाऊन त्यानं पाणी मारलं, चाक बाहेर काढलं आणि फिरवून बघितलं. सगळं काळंठिक्कर, वर बारीक बारीक खड्डे, देवीचे वण असावेत तसे. एवढं सगळं झाल्यावर त्याचं पहिलं धड वाक्य कोणतं, माहीत आहे? ‘चाक गेलं.’

आता तुला एक सांगते. माझ्या हातून चाक बिघडत होतं ना, ते मी बिघडवत होते. तुझं पहिलं पत्र मला नीट समजलं होतं. मी शिवणारी बाई आहे, लिहिलेलं माप मला कळतं. पण तुझ्या दादाला समोर चुकीचं काम चाललेलं सहन होत नाही. लग्न झाल्यावर मी खिळा वाकडा ठोकला होता, तर त्यानं जेवणावरून उठून तो काढला होता. म्हटलं, चाक वाकडं झालं तर तरी उठेल. आणि ‘दादाला सांगू नकोस’ असं पहिल्या दोन्ही पत्रांत लिहिलं, ते तू सांगावंस म्हणूनच. कॉस्टिक मात्र माझं नाटक नव्हतं. तो खरा अडाणीपणा. सगळाच माझाही नव्हे, अर्धा तुझा.

म्हणजे जे हवं होतं ते झालं. तो उठला. दुसऱ्या दिवसापासून मागचं चाक घेऊन गॅलरीत बसतो. नवा रिमूव्हर मागवला, बेअरिंग काढलं, प्लास्टिक गुंडाळलं, लाकडी पट्टी स्वतः तासून केली. डाव्या हातात पट्टी, उजव्याची तीन बोटं चाकावर. कोटिंग लांबच्या लांब निघतं. मला हात लावू देत नाही.

मी खूश असायला हवं. आहे पण. तरी शिवायला बसले की एकच गोष्ट डोक्यात येते. मी एवढे महिने हाका मारल्या, जेवायला, फिरायला, दारात नुसतं उभं राहायला. तो उठला नाही. आणि चाक फसफसल्याबरोबर उठला. या घरात माझं वजन त्या चाकाहून कमी आहे, हे कळायला मला टबभर कॉस्टिक लागलं. शेजारीपाजारी विचारतात, उठला का? मी हसून सांगते, हो, चाकासाठी उठला.

हे मात्र खरोखरच त्याला सांगू नकोस. या वेळी नाटक नाही.

तुझी वहिनी


२१ मार्च

भोंग्या,

डाव्या हातानं लिहितोय. अक्षराला हसू नकोस.

कारखान्याला कळवलं. एक तारखेला जातो. मागचं चाक झालं, एकदम कोरं आलंय. पुढचं वाया गेलं. भंगारवाल्याकडे त्याच मापाचं एक मिळालं, निळ्या रंगाचं. तेही सोलायला घेतलंय. तू सांगितलेली पद्धत बरोबर आहे, पण अर्धा तास कमी पडतो. पाऊण ठेवावा.

तुझ्या वहिनीचं नाटक मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. जी बाई अस्तर जरा सरकलं तरी सगळं उसवून परत शिवते, ती चाकाला तारेची घासणी लावते? ती मला उठवायला बघतेय हे मी पडल्या पडल्या ऐकत होतो. उठायचं नव्हतं असं नाही. उठलो असतो तर तिच्यासमोर बेअरिंगला हात घालावा लागला असता, आणि ते हातातून पडलं असतं. ते तिनं बघायला नको होतं. म्हणून दात-ओठ खात ती घासणी ऐकली. सोपं नव्हतं ते.

त्या दिवशी आधी फसफस ऐकू आली. मी हललो नाही. कोटिंग गेलं काय, चाक गेलं काय, तिचं चाललंय तिचं, म्हटलं. मग ती खोकली. तिचा खोकला मला ठाऊक आहे, हा तसला नव्हता. मग काय झालं ते मला सलग आठवत नाही. गॅलरीत चाक आहे हेसुद्धा मला तिचा हात नळाखाली धरल्यावर, बऱ्याच वेळानं आठवलं. तेव्हा मी जाऊन ते बघितलं आणि ‘चाक गेलं’ म्हणालो. दुसरं काही बोलायला गेलो असतो तर रडू आलं असतं.

आता ती येईल त्याला हसत सांगते की मी चाकासाठी उठलो. मीही हसतो. तोंडावर सांगायला चारदा गेलो, पण तोंडातून निघतं, ‘रिमूव्हरचा डबा कुठे ठेवलास.’

हे तिला सांगू नकोस.

दादा


२७ मार्च

प्रिय वहिनी,

नमस्कार. दादाचं पत्र आलंय. त्याच्याच शब्दांत खाली उतरवून पाठवते, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, ‘हे तिला सांगू नकोस’ सकट. वाच आधी, मग इकडे ये.

[इथे दादाचं सगळं पत्र उतरवलेलं आहे.]

वाचलंस? आता माझं ऐक. तुझ्या-त्याच्यामध्ये एक पडदा आहे, तोही तूच शिवलेला. तो पडदा ओलांडून एकमेकांना चार शब्द सांगायचे, तर तुम्ही दोघं पत्र टाकता, ते गावं ओलांडून माझ्याकडे येतं आणि मी उलट पाठवते. तू ‘सांगू नकोस’ लिहितेस ते मी सांगावं म्हणून. तो ‘सांगू नकोस’ लिहितो ते कशासाठी, हे मला आता कोणी समजावून सांगायला नको. मी तुमची नणंद-बहीण आहे की टपालपेटी, ते एकदा ठरवा.

आणि तुझ्याच पत्रात तू काय लिहिलं होतंस ते परत वाच. चाकासाठी उठलेला माणूस चाकाचा टब पायानं लांब सारतो होय? आधी तुला मोरीत नेतो होय? डोळे वाफेनं मिटले होते तेव्हाचं सोड, पण नंतर तरी उघडायचे होते.

तुझं शेवटचं, ते खरोखरच सांगू नकोस म्हणालेलं, मी त्याला सांगितलेलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा तीळ भिजला. फार जड जातं गं, घसा दुखतो.

मनगटाला रोज मलम लाव.

तुझी,
भोंगा


२ एप्रिल

प्रिय वन्संबाई,

आशीर्वाद, आणि या वेळी मनापासून.

तुझं पत्र आलं तेव्हा तो समोरच बसला होता, निळ्या चाकाला दुसरा थर देत. विचारलं, ‘काय म्हणते भोंगा?’ मी म्हटलं, काही नाही, अर्ध्या तासाचा पाऊण तास करायचा म्हणते. त्याचंच वाक्य माझ्या तोंडून ऐकून त्यानं चमकून माझ्याकडे बघितलं. मग मान खाली घालून परत ब्रश फिरवायला लागला. कान मात्र लाल झालेले. मी आत गेले, पत्र शिलाई मशीनच्या खणात ठेवलं आणि बराच वेळ मशीन रिकामंच चालवलं.

काल तो कारखान्यात जाऊन आला. गाडी अजून जोडायची आहे, बसनं गेला. तपासणीच्या टेबलापाशी उभं राहून पाय दुखतात म्हणतो. हाताबद्दल काही बोलला नाही, पण जेवताना उजव्याच हातानं जेवला, तेही मी बघतेय हे माहीत असून.

पडदा काढून धुवायला टाकलाय. वाळला की त्याच्या पिशव्या शिवीन म्हणते, परत लावायला नको.

गाडी विकणार नाही. पुढचं वाया गेलेलं चाकही टाकू दिलं नाही. तो विचारतो, ‘याचं काय करणार तू?’ मी म्हटलं, असू दे, गॅलरीत कपडे वाळत घालायला गेले की पायाला लागायला काहीतरी हवं.

त्यानं तुला लिहिलेलं मला कळलंय, हे त्याला सांगू नकोस.

तुझी वहिनी